तिरपं गटिंग

नोटीस बोर्डावर कागद लागला तेव्हा फर्स्ट शिफ्टच्या पोरी त्याच्याभोवती उभ्या राहून हसत होत्या. कंपन्यांच्या टेनिस स्पर्धेत आमच्या प्लांटकडून एक महिला खेळाडू जाणार, तिची निवड रविवारी सकाळी होणार, आणि यंदा ट्रेनीसुद्धा भाग घेऊ शकतील, असं त्यावर लिहिलं होतं. खाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ होती: ट्रेनींनी रॅकेट स्वतःची आणावी.

“स्वतःची रॅकेट!” एक जण म्हणाली. “माझ्याकडे डास मारायची आहे. चालते का विचार गं.”

मला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कारण तो कागद माझ्यामुळे लागला होता.

चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये कँटीनच्या मागे सिमेंटचं टेनिस कोर्ट आहे. पर्मनंट कामगारांना आणि स्टाफला ते खुलं, ट्रेनींना बंद. गाडी आम्ही एकाच लाइनवर जोडतो, डाळ एकाच पातेल्यातली खातो, पण कोर्टाच्या दाराशी आलं की सिक्युरिटीवाला गळ्यातल्या कार्डाच्या पट्टीचा रंग बघतो. निळी असली की आत, पिवळी असली की हात आडवा. हे बरेच महिने पाहिलं आणि मग मी पत्रक काढलं. एका पानाचं, साधं झेरॉक्स, सकाळच्या सगळ्या कंपनी बसच्या सीटवर ठेवलेलं.

पत्रक काढणं हा आमच्या घरात स्वयंपाकासारखाच उद्योग. माझे वडील भोसरीच्या एमआयडीसीत फिटर आणि युनियनचे कार्यकर्ते. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. ‘कमळ’ वाचता येण्याआधी मला ‘एकजूट’ वाचता येत होतं. अन्याय दिसला तर तो साध्या भाषेत कागदावर लिहायचा आणि लोकांच्या हातात द्यायचा, हे त्या वयात डोक्यात बसलं ते बसलंच.

तर पत्रकामुळे दार उघडलं, पण फटीएवढं. क्रीडा समितीच्या कपाटात कंपनीच्या रॅकेटी रांगेत टांगलेल्या होत्या. त्या पर्मनंट आणि स्टाफसाठी. ज्या पोरी चौघी मिळून एका खोलीत राहतात आणि आळीपाळीने एकच इस्त्री वापरतात, त्यांच्याकडे टेनिसची रॅकेट कुठून असणार? हे ओळखूनच ती ओळ ठळक केली असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

पण आमच्यात एक होती, जिच्याकडे रॅकेट होती.

ती माझ्या शेजारच्या स्टेशनवर काम करायची. मी चाकं बसवायचे, ती ब्रेकच्या नळ्या. घर दापोडीत, रेल्वेलाइनला लागून. वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज खाली आणि घर वर. तिची अम्मी पूर्वी एका क्लबमध्ये साफसफाईचं काम करायची. शाळा सुटल्यावर ही तिथे जाऊन बसायची, आणि अम्मीचं काम संपेपर्यंत सभासदांनी टाकलेल्या चेंडूंनी मागच्या भिंतीवर खेळायची. कधीमधी क्लबचे मार्कर, म्हणजे सभासदांना सराव देणारे लोक, तिच्याशी चार चेंडू मारायचे. बाकी सगळी वर्षं भिंत. कुणीतरी टाकून दिलेली एक कार्बनची रॅकेट तिला तिथेच मिळाली होती.

“मला एक खरी मॅच खेळायची आहे यार,” नोटीस वाचून ती म्हणाली. “समोर माणूस पाहिजे. भिंत कधी हरतच नाही.”

“मग नाव दे.”

“रॅकेटला जाळीच नाही. कधीची तुटली.”

“भरून घेऊ.”

मी इतक्या सहज म्हटलं, कारण मला रॅकेटमधलं काहीच माहीत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की रॅकेटमध्ये जी दोरी भरतात तिला आपल्याकडे गट म्हणतात आणि भरण्याच्या कामाला गटिंग. तिने त्याच दिवशी नाव दिलं. आम्ही दोघी शिफ्ट सुटल्यावर पिंपरीतल्या खेळाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने रॅकेट हातात घेतली, उलटीपालटी केली आणि टोकाशी अंगठा दाबला.

“फ्रेम गेली, ताई.”

टोकाच्या मधोमध, दोन भोकांच्या मध्ये, केसासारखा तडा होता. सिमेंटवर घासून घासून पडलेला.

“ह्याच्यात सरळ गट ताणला की ही दोन भोकं एक होणार. आणि मग सगळी रॅकेटच उघडणार.”

“मग ती दोन भोकं सोडून भरा,” मी म्हणाले.

“सोडतो की. मग बरोब्बर मधोमध भगदाड राहील. चेंडू आरपार. चहा गाळायला न्या घरी.”

माझी मैत्रीण हसली. ती वाईट वाटलं की हसते. मी दुकानदाराकडून गटाची दोन पाकिटं घेतली. “भरणार कोण?” त्याने विचारलं. “आम्ही,” मी म्हणाले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “आम्ही म्हणजे कोण गं?”

दापोडीला गॅरेजमध्ये तिच्या अब्बांनी, मी त्यांना चाचा म्हणते, बेंचवरचं सामान बाजूला सारून आम्हाला जागा करून दिली. मी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर रॅकेट ठेवली आणि पेन्सिल फिरवून तिचा आकार काढला. प्रत्येक भोकाची खूण केली. मग पट्टी घेऊन उभ्या आणि आडव्या रेघा मारल्या, जशी जाळी नेहमी असते तशा. टोकाची दोन भोकं सोडली. दुकानदार खोटं बोलला नव्हता. रॅकेटच्या पोटात, जिथे चेंडू लागतो बरोबर तिथे, वरपासून खालपर्यंत रिकामा पट्टा.

मी पुठ्ठा उलटा केला. परत आकार काढला. परत रेघा. परत तेच भगदाड.

“राहू दे,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी आम्ही दोघी त्या प्लांटमध्ये असू की नाही याची खात्री नव्हती. ट्रेनीला पुढचं वर्ष नसतं, असलं तर ते दुसऱ्या कुठल्या तरी गेटवर असतं. मी चिडून पट्टी पुठ्ठ्यावर टाकली, ती तिरपी पडली, आणि मी तशीच बघत राहिले.

पट्टीचं एक टोक वरच्या तडा गेलेल्या भोकावर होतं. दुसरं टोक गेलं होतं बाजूला, उजव्या कडेला. मधोमध नाही!

मी पेन्सिल उचलली. टोकापासून तिरपी रेघ मारली: ती बाजूच्या कडेला जाऊन टेकली. दुसरीकडून मारली: ती दुसऱ्या कडेला. म्हणजे जाळी तिरपी विणली तर टोकाच्या भोकांमधून निघणारे गट रॅकेटच्या पोटातून जातच नाहीत. पोटातून जातात ते खांद्यांतून, म्हणजे टोकाच्या दोन बाजूंच्या गोलाईतून, निघणारे. आणि खांदे धडधाकट होते! तडा गेलेली भोकं सोडली, तर भगदाड पडणार नाही; वरच्या दोन कडांना थोडं विरळ राहील, एवढंच.

“इकडे बघ! इकडे बघ!” मी इतक्या जोरात ओरडले की चाचा हातातला स्पार्क प्लग घेऊनच आले. मी भराभर रेघा मारत सुटले. एका बाजूला झुकलेल्या, मग त्यांना छेदणाऱ्या दुसऱ्या बाजूच्या. पुठ्ठ्यावर शंकरपाळ्यांची जाळी उमटली. मधोमध दाट, भरलेली.

चाचांनी चष्मा वर सरकवला. “ही रॅकेट आहे का शंकरपाळ्यांचं ताट?”

“अब्बा, जरा गप्प बसा ना,” ती म्हणाली. पण तिचे डोळे पुठ्ठ्यावरच होते. मग तिने विचारलं, “हे चालतं का पण? नियमात?”

नियम! हा माझा प्रांत. वडिलांकडून मी एक गोष्ट शिकले आहे: साहेब ‘नियमात बसत नाही’ म्हणाला, की आधी नियम वाचायचा. मी मोबाइलवर टेनिसचे नियम शोधले आणि तिथेच उभ्या उभ्या वाचले. जाळी सपाट हवी, गट एकमेकांच्या वरून-खालून विणलेले हवेत, विणीत सारखेपणा हवा, आणि मध्यभाग इतर भागापेक्षा विरळ नको. उभी-आडवीच हवी असं कुठेही नव्हतं. मी दोनदा वाचलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं. मग मोबाइल बेंचवर ठेवून टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटली तशा आम्ही थेट गॅरेजमध्ये.

आधी रॅकेट बसवायची सोय. एका फळीवर टोकाला आणि मुठीकडे एकेक लाकडी ठोकळा ठोकला आणि त्यांच्या मध्ये रॅकेटचं डोकं घट्ट बसवलं. फळीच्या मध्यातून एक बोल्ट बेंचमध्ये घातला, म्हणजे गट ज्या दिशेने ओढायचा त्या दिशेला फळी फिरवता येईल. ताणायला दुकानात मशीन असतं. आमच्याकडे भंगारवाल्याकडून उसनं आणलेलं वीस किलोचं वजन होतं. बेंचच्या कडेला एक जुनं बेअरिंग बसवलं. गट त्यावरून खाली सोडायचा, त्याचं टोक पाइपच्या तुकड्याला गुंडाळायचं, पाइपला वजन अडकवायचं. वजन कुणाचं तोंड बघत नाही. सगळ्या गटांना सारखंच ओढतं. ताण बसला की भोकात चांभाराच्या आरीचं टोक खुपसून गट दाबून धरायचा, वजन काढायचं आणि गट पुढच्या भोकातून परत आत.

तिरप्या गटाची आणखी एक अडचण होती. सरळ गट भोकातून सरळ निघतो. तिरपा निघताना भोकाच्या कडेवर वळतो आणि तिथेच कापला जातो. त्यावर तिनेच उपाय काढला. सायकलच्या व्हॉल्व्हला जी बारीक रबरी नळी असते ती गॅरेजमध्ये गुंडाळीने पडलेली होती. तिचे तुकडे करून प्रत्येक भोकात बसवले. कडेला मऊ गादी झाली.

मग काम वाटून घेतलं. इथेच आम्ही माती खाल्ली, आणि ती आमच्यासारख्यांनीच खावी अशी होती. रोज लाइनवर जे करतो तेच केलं: स्टेशनं पाडली. उजवीकडे झुकणारे सगळे गट माझे, डावीकडे झुकणारे सगळे तिचे. माझं पूर्ण झालं की रॅकेट तिच्याकडे सरकवायची. आपलं काम चोख करायचं, पुढच्याचं पुढचा बघेल. मी मधल्या सर्वांत लांब गटापासून सुरुवात केली, खांद्यापासून समोरच्या खांद्यापर्यंत, मग त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. मेण लावायचं, ओवायचं, वजन टांगायचं, आरी खुपसायची. शेजारून रेल्वे गेली की बेंच थरथरायचा आणि वजन हेलकावे खायला लागायचं. तेव्हा गटाला झटका बसू नये म्हणून दोघी वजनाला हात लावून थांबायचो. संध्याकाळपर्यंत माझ्या बाजूचे सगळे गट झाले. एका दिशेला झुकलेल्या तारांची रांग, एकदम टणक.

“माझं स्टेशन ओके!” मी जाहीर केलं आणि फळी तिच्याकडे फिरवली.

तिने एक गट ओवला. दुसरा ओवायला गेली आणि थांबली. “हे असंच होतं का आधी?”

“काय?”

“हिचं डोकं. वाकडं दिसतंय.”

आम्ही कालचा पुठ्ठा रॅकेटवर धरला. एक खांदा रेघेच्या बाहेर आलेला, दुसरा आत दबलेला. मी सगळे गट एकाच बाजूला खेचले होते, आणि त्यांनी मिळून ती लंबगोल फ्रेम तिरकी ओढली होती. तडा बघायला गेलो तर तो कालच्यापेक्षा स्पष्ट दिसत होता.

चाचांनी दुरूनच बघितलं. “बेटा, वांगं झालं की हो.”

ती पक्कड शोधायला लागली. गट लगेच सोडायला हवे होते, नाहीतर फ्रेम गेली. पण एका कडेने सोडत गेलो तर उरलेले आणखी खेचतील. मी मधोमध पक्कड लावली. टण्ण! पहिला गट सुटला तसा बेंच दणाणला. मग त्याच्या उजवीकडचा, मग डावीकडचा. टण्ण, टण्ण. प्रत्येक आवाजाला ती डोळे मिटत होती. शेवटचा सुटला आणि आम्ही रॅकेट परत पुठ्ठ्यावर ठेवली. खांदे हळूच आपल्या जागी आलेले होते. कार्बन होता म्हणून वाचलो. ॲल्युमिनियमची असती तर वांगं ते वांगंच राहिलं असतं.

आता एकच पाकीट उरलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी शनिवार.

“चूक कुठे झाली?” मी म्हणाले.

“आपण चाक कसं बसवतो?” तिने उलट विचारलं. मी चटकन उत्तर दिलं, कारण ते माझं रोजचं काम: “सगळे नट आधी हाताने बसवायचे. मग गनने आवळायचे. एक आवळला की शेजारचा नाही, समोरचा.” बोलता बोलताच मला कळलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो. दिवसभर गाड्यांची चाकं सरळ बसवणाऱ्या पोरी, आणि रॅकेटला मात्र एका बाजूचे सगळे नट आधी आवळून मोकळ्या!

“स्टेशनं बंद,” ती म्हणाली. “एक तुझा, एक माझा.”

शनिवारी आमची सुट्टी होती. सकाळपासून बेंचच्या दोन बाजूंना दोघी उभ्या. या वेळी वजनाला हातच लावला नाही. आधी सगळी जाळी सैलसर विणून घेतली. माझा गट उजवीकडे झुकलेला, मग तिचा डावीकडे, मग माझा, मग तिचा. तिचा माझ्या एकाच्या वरून, पुढच्याच्या खालून. जिथे दोघींचे गट एकाच भोकातून जाणार होते तिथे आरीने नळी थोडी रुंद केली. टोकाची दोन भोकं रिकामी. बोटं मेणाने चिकट झाली होती आणि तोंड सारखं सुरू होतं.

“तुझा वरून गेलाय, खालून पाहिजे.”

“खालूनच गेलाय.”

“डोळे बघ जरा. काढ.”

“कटकट आहेस नुसती.”

“क्वालिटीत भरती व्हायला पाहिजे मी.”

विणून झाल्यावर मग ताण. मधला माझा, लगेच त्याला छेदणारा मधला तिचा. मग मधल्याच्या एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा. बुटाची नाडी आवळताना जसा सैलपणा पुढे पुढे सरकवतो, तसा तो गटागटातून कडेला नेला. दर दोन-चार गटांनंतर पुठ्ठा धरून बघायचं: खांदे जागेवर? जागेवर! पुढे. दुपारी चाचांनी वरून जेवण आणलं तर ती म्हणाली, “भरवा, हात खराब आहेत.” त्यांनी खरंच तिला घास भरवला, आणि मग मलाही.

शेवटची गाठ तिने मारली. मी बोटाने एक गट छेडला. टिंग. दुसरा. टिंग. सगळ्या जाळीवर एकच सूर. तिने रॅकेट हातात घेतली, तळहातावर आपटली, कानाशी धरली आणि गॅरेजच्या बाहेर गल्लीत जाऊन एक चेंडू समोरच्या शटरच्या दिशेने मारला. चेंडू गटांवर आला तेव्हा तो क्षणभर चिकटल्यासारखा वाटला. मग सुटला तो शटरच्या वरून थेट पलीकडच्या गच्चीवर.

“या अल्ला,” ती म्हणाली. “ही तर धरून फेकते!”

रविवारी कोर्टावर अपेक्षेपेक्षा जास्त लोक होते. आमच्या लाइनच्या पोरी सुट्टी असूनही आल्या होत्या, काही भोसरीहून, काही थेट चऱ्होलीहून. कुंपणाच्या पलीकडे पर्मनंटचे काही लोक चहा घेत उभे. नावं फक्त दोन आली होती: माझ्या मैत्रिणीचं आणि क्वालिटी डिपार्टमेंटच्या एका मॅडमचं. या मॅडम आमच्या लाइनच्या शेवटी उभ्या राहून गाड्या परत पाठवतात, आणि परत आलेली गाडी कुणाला आवडत नाही, म्हणून त्याही कुणाला फार आवडत नसत. मलाही नाही. गेली दोन वर्षं प्लांटकडून स्पर्धेला त्याच जात होत्या.

क्रीडा समितीचे सचिव उंच खुर्चीवर बसणार होते. त्यांनी रॅकेट बघितली आणि खालीच थांबले.

“हे काय आहे?”

“रॅकेट,” मी म्हणाले. “स्वतःची.”

“ही अशी असते का? पतंगाला हँडल लावलंय का तुम्ही?” चहावाले हसले. “नियमात बसत नाही हे.”

याचीच मी वाट बघत होते! मी मोबाइल काढला आणि नियम वाचला, मोठ्याने, गेटसभेत वाचतात तसा. सपाट आहे. विणलेली आहे. वीण सारखी आहे. मध्यभाग विरळ नाही. “आता यातलं काय बसत नाही ते सांगा, सर.”

“हे बघा ताई, पत्रकं वाटणं वेगळं आणि—”

“एक मिनिट.” क्वालिटीच्या मॅडम पुढे आल्या. “द्या इकडे.”

त्यांनी रॅकेट आडवी धरून एका डोळ्याने जाळीची पातळी बघितली. अंगठ्याने मध्य दाबला, मग कडा. गट एकेक करून नखाने छेडले. टोकाचा तडा बघितला आणि रिकामी भोकंही. रोज गाडीवर फिरते तशीच त्यांची नजर फिरत होती, आणि माझी मैत्रीण रोज गाडीशेजारी उभी राहते तशीच उभी होती.

“भोकं सोडली म्हणून तिरपी?” त्यांनी तिला विचारलं.

“हो मॅडम.”

“कुणी भरली?”

“आम्हीच.”

मॅडमनी रॅकेट तिच्या हातात दिली. “ओके आहे. सर, खेळू द्या. चालते कशी ते मला बघायचंय.”

एकच सेट होता. सहा गेम आधी जिंकेल ती जाणार, पाच-पाच झाले तर दोनने पुढे जाईल ती. ओळीवरचे निर्णय त्या-त्या बाजूच्या खेळाडूने द्यायचे. चेंडू ज्याच्या अर्ध्यात पडला, तो आत की बाहेर हे त्यानेच सांगायचं. सचिव फक्त गुण मोजणार.

सुरुवात वाईट झाली. ती मारायची तो प्रत्येक चेंडू लांब जायचा. तिरपी जाळी चेंडू धरत होती आणि तिला हवं त्यापेक्षा जास्त जोराने सोडत होती. एक कँटीनच्या पत्र्यावर गेला. “अगं, खाली खेळतात!” चहा पिणारा एक जण ओरडला. तीन गेम गेले. मी कुंपणाला नाक लावून उभी होते आणि बोटांवर कालचं मेण अजून चिकटत होतं.

चौथ्या गेममध्ये तिने एक चेंडू सरळ न मारता खालून वर पुसल्यासारखा मारला. जाळीने तो पकडला, फिरवला आणि चेंडू नेटवरून उंच जाऊन पलीकडे असा खाली वळला की मॅडमचा हात हवेतच राहिला. पडल्यावर तो टप्पा घेऊन बाजूला उडाला.

ती रॅकेटकडे बघायला लागली. मग माझ्याकडे. मग परत तसाच मारला. परत तसाच वळला!

“पूस!” मी ओरडले. “पूस तिला!”

“पूस! पूस!” सगळ्या पोरींनी उचललं. नेमकं काय पुसायचं ते अर्ध्या जणींना माहीतही नव्हतं, पण गेटवरच्या घोषणेसारखा तो शब्द कोर्टभर घुमायला लागला. एक गेम आला, दुसरा आला. मॅडम मागे सरकून खेळायला लागल्या, मग पुढे येऊन. त्याही कच्च्या नव्हत्या. हिच्या डाव्या बाजूला सारखे चेंडू टाकून हिला पळवत होत्या. चार-तीन. चार-चार. “भावा, ही ट्रेनी कुठली?” कुंपणापलीकडे कुणीतरी विचारलं. “ब्रेकवाली,” उत्तर आलं. “मग थांबते कुठे राव ही!”

पाच-पाच. सहा-पाच, ती पुढे. आता एक गेम. आणि त्या गेममध्ये एक वेळ अशी आली की एकच गुण हवा होता.

लांब रॅली झाली. मॅडमचा एक खोल चेंडू तिने जवळजवळ कुंपणापासून परत केला. पुढचा आखूड आला. ती धावत पुढे गेली आणि सगळं अंग लावून तो पुसला. चेंडू उंच गेला, मागच्या रेघेच्या दिशेने, आणि उशिरा, खूप उशिरा खाली वळला. मॅडम बाजूला झाल्या. तो पडला.

कुणालाच कळलं नाही. मी होते त्या जागेवरून तो बाहेर दिसला. खरंच बाहेर दिसला. पोरींच्या तोंडचं ‘पूस’ तोंडातच राहिलं. सचिव खुर्चीवरून म्हणाले, “बाहेर ना?”

मॅडम मागच्या रेघेकडे चालत गेल्या. चाकणच्या हवेत जी बारीक धूळ असते ती सिमेंटवर बसलेली होती आणि चेंडूने तिच्यावर ठसा सोडला असणार. त्या वाकल्या. एकट्याच होत्या तिकडे; तो ठसा दुसऱ्या कुणालाही दिसणार नव्हता. माझ्या डोक्यात त्या क्षणी पुढच्या पत्रकाचा मथळा तयार होत होता. समोर माझी मैत्रीण रॅकेट छातीशी धरून उभी होती.

मॅडम सरळ झाल्या. “आत आहे. रेघेवर.”

“मॅडम, नक्की ना?” सचिव म्हणाले. “इथून तर—”

“माझ्या बाजूला पडलाय, सर. मी सांगते आहे. आत.” आणि त्या नेटकडे चालत आल्या, हात पुढे करून.

मग जो आवाज झाला तो मला लिहिता येणार नाही. पोरी कोर्टात घुसल्या. सिक्युरिटीवाला त्यांना अडवायला निघाला आणि मध्येच थांबून टाळ्या वाजवायला लागला. कुणीतरी मला उचललं, मला, जिने एकही चेंडू मारला नव्हता. मथळा डोक्यातून पार उडून गेला होता आणि मी मनापासून खूश होते. सचिव खुर्चीवरून उतरून पर्मनंटच्या लोकांकडे पेन मागत होते. नाव लिहायचं होतं.

गर्दीतून वाट काढत मी नेटपाशी पोचले तेव्हा मॅडम रॅकेट मागत होत्या. “जरा दे बघू. मलाही एक मारून बघू दे.” त्यांनी चेंडू उडवला आणि जोरात मारला. तो कँटीनच्या पत्र्यावर धाडकन आपटून पलीकडच्या पार्किंगमध्ये गेला.

“असं नाही मॅडम,” माझी मैत्रीण हसत त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्यांचं मनगट धरलं. “हिने मारत नाहीत. खालून या. हां. आता वर.”